शस्त्रक्रियेनंतरचे तीस दिवस

शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत, राहाता तालुक्यातच लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. या परिसरातील स्त्रीला उपचाराचे दार दूर नाही. प्रश्न आहे तो त्या दारातून घरी परतल्यानंतरचा. गर्भाशयाच्या वा बीजांडकोशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मोठी असते. त्यात मधुमेह वा रक्तक्षयाची भर पडली, की जखम चिघळण्याचा धोका वाढतो. आणि ती चिघळली, की पुढील किरणोपचारही लांबणीवर पडतात. छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे, वस्तऱ्याने केस काढू नयेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली बजावले आहे. ही दक्षता रुग्णालयाच्या हातची. परंतु संसर्ग पुष्कळदा घरी गेल्यावरच डोके वर काढतो. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस जखमेवर नजर ठेवण्याचा दंडक आहे. ताप, पू, दुर्गंधीयुक्त स्राव संकोचापोटी झाकून ठेवणाऱ्या बाईवर ही नजर कोण ठेवणार? घरी पाठवतानाच रुग्णालयाने गावच्या आरोग्य केंद्राला चिठ्ठी धाडावी, आशा सेविकेने आठवड्याला विचारपूस करावी. कपाळी उदी जरूर लावावी. जखम मात्र डॉक्टरांनाच दाखवावी.