मत फिरलं नाही, नगरसेवक फिरले

प्रत्येक निकालानंतर मुसलमानांच्या मताचा पंचनामा होतो. ते कुठे गेलं? एकगठ्ठा गेलं की फुटलं? पालेगावातला एक मतदार म्हणून माझा प्रश्न उलटा आहे : आपण निवडून दिलेला माणूस कुठे गेला?

आमच्या अंबरनाथचंच बघा. २० डिसेंबर २०२५ ला नगरपालिकेचं मतदान झालं. नगराध्यक्षपद भाजपला मिळालं, सर्वाधिक नगरसेवक शिंदेसेनेचे आले, काँग्रेसचे १२ आले. भाजपला रोखायचं म्हणून ज्यांनी पंजाचं बटण दाबलं, त्यांचे नगरसेवक जानेवारीत भाजपच्याच आघाडीत जाऊन बसले. काँग्रेसने निलंबित केलं, तर सरळ भाजपमध्ये गेले. मतदार होता तिथेच आहे. तरी संशय आमच्यावरच!

दुसरी बाजूही काही कमी नाही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. तरी आम्ही मत दिलं, आघाडीच्या ३० जागा आल्या. धुळ्यात काँग्रेस ३,८३१ मतांनी जिंकली, तर आमच्या मताला ‘व्होट जिहाद’ म्हटलं गेलं. एकाने आम्हाला गृहीत धरलं, दुसऱ्याने आमची भीती दाखवून मतं मागितली.

म्हणून काही दोस्त म्हणतात, ‘कुणालाही द्या, शेवटी तिकडेच जातं. रांगेत उभं कशाला राहायचं?’ हा राग मला समजतो, पण हा निष्कर्ष मान्य नाही. आपण घरी बसलो, तर सर्वांत मोठ्या पक्षाचं काम फुकटात होतं. त्याच २०२४ मध्ये मालेगाव मध्य विधानसभेचा निकाल १६२ मतांनी लागला. एका गल्लीत यापेक्षा जास्त मतदार असतात.

मत ही अमानत आहे. अमानत सोपवून विसरायची नसते, हिशेब मागायचा असतो. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की चारचौघांत विचारा : पक्ष सोडलास तर राजीनामा देशील का? लिहून दे. पाणी, रस्ता, कब्रस्तान, शाळा यांचं काय, तेही लिहून घ्या. पाणी आणि रस्ता शेजारच्या आगरी, बौद्ध, मराठा घरांचेही प्रश्न आहेत. त्यांना सोबत घ्या. एकटा मुसलमान मतदार व्होट बँक ठरतो, अख्खा वॉर्ड एकत्र आला की त्याला नागरिक म्हणावंच लागतं.

आणि अठरा पूर्ण झाले असतील, तर आधी फॉर्म ६ भरा. यादीत नावच नसेल, तर हिशेब कुठल्या तोंडाने मागणार?