तूप बंद करण्याआधी

गेल्या पावसाळ्यात नारायणगावच्या एका लॅबमधून तंत्रज्ञाचा फोन आला. "डॉक्टर, नमुना बिघडलाय का? सीरम दुधासारखं दिसतंय." नमुना ठीक होता. नऊ वर्षांची मुलगी, चार दिवसांपूर्वी टाइप वन मधुमेहाचं निदान, ट्रायग्लिसराइड आठशेच्या वर. आम्ही काही सांगण्याआधीच रिपोर्ट घरी पोचला आणि रात्रीपासून तूप, दूध, शेंगदाण्याची चटणी सगळं बंद. मुलीचं वजन होतं एकोणीस किलो.

इन्सुलिनचा डोस बसल्यावर सहा आठवड्यांनी फेरतपासणी केली. सीरम स्वच्छ, ट्रायग्लिसराइड ७२. तुपाचा दोष नव्हताच. इन्सुलिन नसलं की चरबीच्या पेशींवरचा लगाम सुटतो, फॅटी आम्लं यकृताकडे धावतात आणि यकृत त्यांचं व्हीएलडीएल करून रक्तात सोडतं. ते रक्तातून उचलणारं लायपोप्रोटीन लायपेजही इन्सुलिनवाचून मंदावतं. आवक वाढलेली, उठाव थांबलेला. टोमॅटोच्या मोसमात नारायणगावचा बाजार पाहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. निदानाच्या आठवड्यातला लिपिड रिपोर्ट म्हणजे इन्सुलिनच्या तुटवड्याचाच रिपोर्ट. साखर आटोक्यात आल्यावर केलेली तपासणी ती खरी पहिली.

त्या आठवड्यातल्या रिपोर्टला घाबरणं ही एक चूक. दुसरी चूक याच्या अगदी उलट, आणि ती जुन्नर-आंबेगावात मला जास्त दिसते. पाच-पाच वर्षांच्या फायलीत एचबीएवनसीचे कागद असतात, लिपिडचा एकही नसतो. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार वयाच्या अकराव्या वर्षापासून तपासणी हवी आणि सगळं ठीक असेल तर दर तीन वर्षांनी पुन्हा. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर वयाच्या दोन वर्षांपासूनच.

तपासणी का होत नाही, तर आपण "उपाशीपोटी आणा" असं लिहून देतो. आहुप्याच्या खोऱ्यातून पहाटे निघून मंचरला यायचं, पोरगं इन्सुलिनवर, पोटात काही नाही आणि रांग दहापर्यंत. वाटेत साखर उतरली तर काय, या धास्तीने आई येतच नाही, आणि तिचं बरोबर आहे. पहिल्या तपासणीला उपास लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, हा नॉन-एचडीएलचा आकडा खाऊन आलेल्या मुलातही भरवशाचा असतो. तो १४५ किंवा त्यापुढे गेला, किंवा ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं दिसलं, तरच उपाशीपोटी बोलवा. तेव्हाही आदल्या रात्रीच्या आणि सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या.

एलडीएल शंभरच्या पुढे आलं तर आधी शर्ट वर करून पोट पाहा. एकाच जागी सुई टोचून झालेल्या मऊ गाठी हाताला लागतील. तिथे टोचलेलं इन्सुलिन धड शोषलं जात नाही. मग टीएसएच, कारण या मुलांत थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार बऱ्यापैकी आढळतो आणि तोही एलडीएल वाढवतो. लघवीतलं अल्ब्युमिनही पाहा. आहाराकडे त्यानंतर वळायचं, आणि तिथेही भाकरी, मटकी, शेंगदाणे यांच्यामागे लागू नका. शाळेबाहेरच्या दुकानातली खारी, फरसाण, वेफर्सची पुडी, आणि साखर उतरेल या भीतीने दिवसभर हातात दिलेला बिस्किटांचा पुडा, यांचा हिशेब विचारा.

एवढं करून सहा महिन्यांनीही एलडीएल १३० च्या वर राहिलं आणि सोबत दुसरा धोका असला, तर दहा वर्षांवरच्या मुलाला स्टॅटिन द्यायला कचरू नये; किशोरवयीन मुलीशी मात्र गर्भधारणेबद्दल मोकळेपणाने बोलून मगच. घाईही नको. २०१७ च्या अ‍ॅडिट चाचणीत ४४३ किशोरांत स्टॅटिनने लिपिड उतरले, पण दोन ते चार वर्षांत मानेच्या रोहिणीच्या भिंतीत फरक दिसला नाही. याउलट टाइप वन मधुमेहाच्या डीसीसीटी या चाचणीत ज्या गटाने सरासरी साडेसहा वर्षं साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यातले हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार २००५ साली जाहीर झालेल्या पाठपुराव्यात दुसऱ्या गटापेक्षा ४२ टक्क्यांनी कमी निघाले. माझा कल कुठे आहे ते उघड आहे.

व्यायामाचा सल्ला देताना आपण पुण्याची पुस्तकं वाचतो. जुन्नर वनविभागात उसाच्या कडेला घर असेल तर दिवेलागणीनंतर कोणी मुलाला बाहेर सोडत नाही. बिबट्याची भीती पुस्तकी नाही. म्हणून "संध्याकाळी तासभर खेळ" असं लिहिण्यापेक्षा शाळेच्या मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र द्या: पीटीच्या तासाला याला बसवून ठेवू नका, खिशात ग्लुकोज असू द्या.

राहता राहिले रिपोर्टवरचे आकडे. लॅब छापते ती मर्यादा मोठ्यांची, ट्रायग्लिसराइड दीडशेपर्यंत ठीक. मुलांत नऊ वर्षांपर्यंत १०० आणि त्यापुढे १३० म्हणजेच जास्त. एचडीएल चाळीसच्या खाली म्हणजे कमी. फोन करणाऱ्या त्या तंत्रज्ञाला मी हे आकडे पाठवले. त्याने ते वहीच्या पानावर स्केचपेनने लिहून सेंट्रिफ्यूजच्या वर चिकटवलेत, आणि खाली स्वतःची एक ओळ वाढवली आहे: "मधुमेह नवीन आहे का, विचारा."