तोटा लपवू नका, तोटा मोजा

गेल्या महिन्यात आमच्या पेढीवर एक तरुण कारागीर आला. घरचे चार यंत्रमाग आहेत, पण चारही मजुरीवर चालतात. व्यापारी सुताचे बीम पाठवतो, हा कापड विणून देतो आणि मीटरमागे ठरलेली मजुरी घेतो. त्याच्या कापडात खोट निघाल्याची तक्रार आम्ही कधी ऐकली नाही. तो म्हणाला, "चाचा, स्वतःचे सूत घेऊन स्वतःचा माल काढावा असे तीन वर्षांपासून मनात आहे. पण बुडालो तर लोक काय म्हणतील?"

पैसे बुडतील, असे तो म्हणाला नाही. लोक काय म्हणतील, असे म्हणाला. आमच्या मते धंद्यातल्या भीतीचे मूळ नेमके इथेच आहे.

मालेगाव, भिवंडीच्या धंद्याचा इतिहास पाहिला तर नुकसान आपल्याला नवे नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे इकडे आली, ती घर आणि बाजार गमावूनच आली. हातमागावर ती पुन्हा उभी राहिली. पुढे यंत्रमाग आले आणि हातमाग मागे पडला. मालेगावच्या रंगीत सुती साडीवर कितीतरी घरे चालत होती. सुरतेच्या स्वस्त सिंथेटिक साडीपुढे तिची मागणी घटली, तेव्हा लोकांनी लूमवर दुसरे कापड घेतले. पण ते नुकसान साऱ्या मोहल्ल्याचे होते, त्यात लाज नव्हती. आज नुकसान एकट्याचे होते, आणि एकट्याचे नुकसान माणूस लपवतो.

हे आम्ही दुसऱ्याचे पाहून लिहीत नाही. मे २०२२ मध्ये कापसाचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. सूत रोज महाग होत होते. आणखी चढेल या हिशेबाने आम्ही गरजेच्या तिप्पट सूत उधारीवर भरले. वर्ष संपेपर्यंत भाव बराच उतरला आणि महागाच्या सुताचे कापड स्वस्तात विकावे लागले. ते नुकसान सोसण्यासारखे होते. पण आम्ही ते सहा महिने कोणाला कळू दिले नाही. एकाचे देणे भागवायला दुसऱ्याकडून घेतले. घरात बोललो नाही. ज्यांचे देणे होते त्यांची गल्ली टाळून फिरलो.

शेवटी थोरल्या भावाने खतावणी मागितली. रात्रभर बसून हिशेब काढला तेव्हा दिसले, की लपवाछपवीने मूळ नुकसानात जवळजवळ निम्म्याची भर घातली होती. दुसऱ्या दिवशी चौघांकडे जाऊन खरा आकडा सांगितला. तिघांनी हप्ते बांधून दिले. चौथ्याने चार शब्द सुनावले आणि उधारी बंद केली, ती आजतागायत बंदच आहे. पण चौदा महिन्यांत चौघांचेही देणे फिटले. ज्या बोलण्याला आम्ही सहा महिने घाबरलो, ते बोलणे दहा मिनिटांत संपले होते.

म्हणून त्या तरुणाला आम्ही "हिंमत कर" एवढेच सांगून परत पाठवले नाही. हिंमत नुसत्या शब्दांनी येत नाही, ती हिशेबाने येते. चारपैकी तीन लूम मजुरीवरच ठेव, एकावर स्वतःचा माल काढ. पहिल्या वर्षी किती रक्कम बुडाली तरी चूल पेटती राहील, तो आकडा आधी वहीत लिही. समजा तो साठ हजार असेल, तर साठ हजारांवर थांब. घरखर्चाचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेव. सगळा माल एकाच पार्टीला देऊ नकोस, ती कितीही मोठी असली तरी.

उधारीची मुदत लेखी घ्यावी. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तशी तरतूद झाली. मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा मिळत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आधार नाही, पण माल तयार करणाऱ्या कारागिराला आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. आपल्यातले किती जण ती करतात?

आता दोन शब्द आमच्या वयाच्या व्यापाऱ्यांसाठी. एखाद्याचे लूम थांबले की चहाच्या हॉटेलात त्याचीच चर्चा चालते. लग्नाच्या बोलणीतही ती गोष्ट निघते. मग पोरे लपवतील नाही तर काय करतील? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, या दोन्ही गोष्टी कुरआनात सांगितल्या आहेत. पहिली आपण आळसाने सोडतो, दुसरी रागाने. जो वेळेवर येऊन खरा आकडा सांगतो, त्याला सवड देण्यात आपलाच फायदा आहे, कारण तोंड लपवणाऱ्याकडून वसुली होत नाही. बुडवणारा आणि बुडालेला, यांतला फरक व्यापाऱ्याने ओळखला पाहिजे.

तो तरुण त्या दिवशी हो किंवा नाही, काहीच न बोलता गेला. परवा पुन्हा आला. हातात छोटी वही होती आणि पहिल्या पानावर एकच आकडा होता. म्हणाला, "चाचा, एवढे गेले तरी चालेल. आता एका बीमच्या सुताचा भाव सांगा."