प्रतीची प्रत ठरवणार कोण?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज या लिलावसंस्थेने १९३९ सालच्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाची विक्री ९१ लाख २० हजार डॉलरला केली. कॅलिफोर्नियातील तीन भावांना तो दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडला होता. लहानपणी दहा सेंटला मिळणाऱ्या अंकाला एवढी किंमत यावी, याचे कुतूहल सर्वत्र व्यक्त झाले. पण ही किंमत केवळ त्या अंकाची नव्हती. अंक ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बंद होता, तिच्या माथ्यावर ‘९.०’ असा आकडा छापलेला होता. बोली लागली ती अंकाला आणि आकड्याला मिळून. अंक इतका चांगला राहिला याचे श्रेय लिलावसंस्थेने उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेला दिले, हेही येथे नोंदवून ठेवायला हवे.

अशा बातमीचा एक परिणाम ठरलेला असतो. लोक आपापल्या माळ्याकडे पाहू लागतात. मराठी घराच्या माळ्यावर ‘सुपरमॅन’ नसला, तरी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ असण्याची शक्यता बरीच. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली आणि १९९० मध्ये थांबवलेली ही मालिका वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर यांना घेऊन मराठीतही घरोघरी पोचली. गिरगाव-परळच्या चाळींत वाचून झालेले अंक मे महिन्याच्या सुटीत मुलांबरोबर एसटीने कोकणात जात आणि बहुधा तिकडेच राहत. गुहागर तालुक्यातील हेदवी हे असेच चाकरमान्यांचे गाव. दशभुज लक्ष्मीगणेशाचे मंदिर आणि भरतीच्या वेळी लाटेचे पाणी उंच उसळवणारी बामणघळ पाहण्यासाठी पर्यटक तेथे जातात. मुंबईकर कुटुंबे गणपतीला आणि शिमग्याला आपली बंद घरे उघडतात. अशा घरातील ट्रंकेत निजलेला वेताळ आणि कॅलिफोर्नियातील तो सुपरमॅन यांना आज एकच मोजपट्टी लावली जाते. वादाचे मूळ येथे आहे.

ही मोजपट्टी प्रामुख्याने एका कंपनीची आहे. फ्लोरिडातील सारासोटा येथील ‘सर्टिफाइड गॅरंटी कंपनी’, म्हणजे ‘सीजीसी’, २००० साली सुरू झाली. अंक तिच्याकडे पाठवायचा, शुल्क भरायचे, तिचे परीक्षक पाने मोजतात, कोपरे, कणा, टाचणीच्या पिना, कागदाचा पांढरेपणा तपासतात आणि ०.५ ते १० या श्रेणीत आकडा देऊन अंक पेटीत सीलबंद करतात. निळी पट्टी साध्या अंकाला, जांभळी डागडुजी केलेल्याला, पिवळी कंपनीच्या साक्षीदारासमोर कलावंताची स्वाक्षरी झालेल्याला. मराठीत नकलेला ‘प्रत’ म्हणतात आणि दर्जालाही ‘प्रत’च म्हणतात, या व्यवसायाने दोन्ही अर्थ एकाच पेटीत घातले.

या व्यवस्थेची गरज नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीट यांची दरपुस्तिका १९७० पासून निघत होती, पण ‘जवळपास नवा’ म्हणजे काय, हे विकणारा स्वतःच ठरवीत असे. फाटलेले पान चिकटवून, मुखपृष्ठावर रंगाचा हात फिरवून अंक नवा म्हणून खपवला जाई. इंटरनेटवर न पाहता खरेदी सुरू झाल्यावर तर तिऱ्हाइताचे मत आवश्यकच झाले. सीजीसी आली ती ही पोकळी भरून काढण्यासाठी. मात्र पुढे मत देणाऱ्याचाच बाजार झाला.

मोठमोठ्या कॉमिक मेळाव्यांत या कंपन्यांचे कक्ष असतात. तेथे अंक स्वीकारले जातात, काही ठिकाणी जागेवरच प्रतवारी होते, आवडत्या चित्रकाराची स्वाक्षरी साक्षीदारासमोर घेता येते. रांगा तेथेच लागतात आणि तक्रारीही तेथूनच सुरू होतात. अर्ज भरताना अंकाची अंदाजे किंमत मालकानेच घोषित करायची आणि किंमत जितकी जास्त तितके शुल्क जास्त. परीक्षणाचे श्रम सारखेच असताना बाजारभावाप्रमाणे मेहनताना का वाढावा, याचे उत्तर विम्याच्या जोखमीत काही अंशी मिळते, पूर्णपणे मिळत नाही. अंक परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. करोनाच्या काळात संग्राहकांची संख्या एकाएकी वाढली, तेव्हा ही प्रतीक्षा फारच लांबली होती. आणि अखेरीस हाती येतो तो एक आकडा. ९.८ ऐवजी ९.६ का, याचे स्पष्टीकरण चार-दोन शब्दांच्या टिपणात आटोपलेले असते. या दोन आकड्यांतील फरक उघड्या डोळ्यांना क्वचितच दिसतो, पण लोकप्रिय अंकांच्या बाबतीत भावातील फरक दुपटीचाही असू शकतो.

दाद मागायची तर मार्ग एकच: पुन्हा शुल्क भरून पुन्हा अंक पाठवणे. पेटी फोडून तोच अंक दुसऱ्यांदा पाठवला आणि आकडा वाढून आला, असे अनुभव या छंदात इतके सर्वश्रुत आहेत की काही व्यापाऱ्यांनी त्याचाच धंदा केला. एकाच वस्तूची दोन मापे येत असतील, तर कोणते खरे? प्रतवारी हे मत आहे, शास्त्रीय मोजमाप नव्हे, असे यावर सांगितले जाते. ते मान्य केले, तरी दशांश चिन्हापर्यंत नेमका दिसणारा आकडा ग्राहकाला मोजमापाचाच भास देतो आणि सारी विक्री त्या भासावरच चालते.

कोकणातील बागायतदाराला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. आपल्या कलमांच्या हापूसची प्रत आणि भाव वाशीच्या बाजारात दुसराच कोणी ठरवतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. पण आंब्याची पेटी निदान उघडून फळ हातात घेता येते. येथे पेटी उघडली की आकडा रद्द होतो.

याहून गंभीर प्रश्न हितसंबंधांचा आहे. दाब आणि उष्णता देऊन अंकावरील वळ्या, चुण्या घालवण्याची एक पद्धत आहे. तिला इस्त्री म्हटले तरी चालेल. सीजीसी या प्रक्रियेला डागडुजी मानत नाही. त्यामुळे इस्त्री केलेल्या अंकालाही निळीच पट्टी मिळते. हे काम करणारी एक संस्था २०१२ मध्ये याच उद्योगसमूहाने विकत घेतली. म्हणजे अंक चांगला दिसावा म्हणून पैसे घेणारे आणि तो किती चांगला आहे हे सांगण्यासाठी पैसे घेणारे एकाच छपराखाली आले. २०२१ मध्ये या समूहाचा मोठा हिस्सा ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीने घेतला, यावरून छंदाच्या या कोपऱ्यात किती पैसा आहे याची कल्पना यावी. गुणपत्रिका देणाऱ्यानेच शिकवणीवर्ग चालवावा, याला मराठी पालक आता सरावले असतील. म्हणून ते योग्य ठरत नाही.

विश्वासाला खरा तडा गेला तो २०२३ अखेर. पेटीला चरे गेले तर ती बदलून देण्याची सोय कंपनीकडे होती. वरचढ आकड्याचा अंक विकत घ्यायचा, पेटी हातचलाखीने उघडून आत कमी प्रतीचा अंक सरकवायचा आणि ‘पेटी खराब झाली’ म्हणून ती बदलायला पाठवायची, असा प्रकार उघडकीस आला. नवी पेटी येई ती जुन्याच आकड्यानिशी, कारण आतील अंक पुन्हा तपासला जात नसे. ‘हल्क’ मालिकेच्या १८१व्या अंकासारखे महागडे अंक यात होते. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने साडेतीनशेहून अधिक संशयास्पद अंकांची यादी जाहीर केली आणि न्यायालयातही धाव घेतली. हा घोळ प्रथम संग्राहकांनीच छायाचित्रे ताडून पकडला, हे विशेष. जी गोष्ट पेटीमुळे अशक्य होईल असे सांगितले गेले, तीच पेटीआडून घडली.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. दिल्लीत २०११ साली सुरू झालेले ‘कॉमिक कॉन’ आता मुंबईसह अनेक शहरांत भरते. २०२४ मध्ये ते नॉडविन गेमिंग या कंपनीच्या हाती गेले. त्याबरोबर सीलबंद अंकांचे आकर्षणही येथे रुजले आहे. भारतीय संग्राहकाला प्रतवारी हवी असेल, तर अंक बहुधा मध्यस्थामार्फत परदेशी धाडावा लागतो. शुल्क, जाण्या-येण्याचे टपाल, विमा आणि परत येताना ही आपलीच वस्तू आहे हे सीमाशुल्क खात्याला पटवणे, असा सारा द्राविडी प्राणायाम. खर्चाचा हिशेब केला, तर बहुतेक ‘इंद्रजाल’ अंकांच्या किमतीहून तो सहज जास्त भरावा.

नाणेसंग्राहकांची अडचण तर वेगळीच. याच समूहाची नाण्यांची आणि नोटांची प्रतवारी करणारी भावंडे आहेत. पण पुरावस्तू व कलाकोष अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिवराई प्रतवारीसाठी परदेशी पाठवणे म्हणूनच कायद्याच्या कक्षेत बसत नाही. १९६४ नंतरच्या कॉमिकला तो अडसर नाही; अडसर आहे तो मोजपट्टीचाच.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हेदवीसारख्या किनारी गावात त्यात खारी हवा मिसळते. स्वस्त कागद पिवळा पडतो, पिना गंजतात, गंजाचा डाग मधल्या पानावर उतरतो, कसर लागते, वाळवी लागली तर ट्रंकच निकालात. शहरात राहिलेल्या अंकांची कथा निराळी. सर्क्युलेटिंग लायब्ररीने कण्याला चिकटपट्टी लावली, मुखपृष्ठावर रबरी शिक्का मारला, वाचकाने पहिल्या पानावर शाईने नाव घातले. परीक्षकाच्या लेखी हे सगळे दोष. तेही बरोबरच आहे. डाग तो डाग. पण आकड्याने सांगितले ते इतकेच की कागदाचे हाल झाले आहेत. त्या अंकाच्या मराठी प्रती किती उरल्या असतील, हे तो आकडा सांगत नाही. प्रतवारी झालेल्या अंकांची नोंद कंपनी प्रसिद्ध करते, पण तिच्यात गणना होते ती तिच्याकडे पाठवलेल्या अंकांची. मराठी अंक मुळात कोणी पाठवतच नसेल, तर पहिला आलेला २.५चा जीर्ण अंकही ‘ज्ञात सर्वोच्च प्रत’ म्हणून मिरवू शकतो. थट्टा वाटली तरी लिलावाच्या जाहिरातीत हे शब्द भाव वाढवतात.

शिवाय आकडा देण्याआधी अंक ओळखावा लागतो. ‘इंद्रजाल’ची गणती सुरुवातीला सलग क्रमांकांनी आणि पुढे खंड व अंक अशा पद्धतीने झाली, एकूण अंक आठशेच्या वर. मुखपृष्ठे बी. गोविंद यांच्यासारख्या भारतीय चित्रकारांनी रंगवली. वेताळाचा देश भारतीय वाचकाला बंगालचा वाटू नये म्हणून ‘डेंकाली’ झाला. ‘अमर चित्रकथा’ची गुंतागुंत आणखी वेगळी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेची पुस्तके दशकानुदशके पुनर्मुद्रित होत राहिली. राम वाईरकर किंवा प्रताप मुळीक यांचे चित्र तेच, बदलले ते किंमत आणि मालिकेतील क्रमांक. पहिली आवृत्ती कोणती हे कळायला दर्दी वाचक लागतो. ते ज्ञान सारासोटात नाही. ते पुण्या-मुंबईतील, नाशिक-कोल्हापुरातील जुन्या वाचकांच्या वह्यांत आहे, आणि ही पिढी साठी ओलांडून गेली आहे.

येथे मराठीची एक जुनी परंपरा आठवते. शं. ग. दाते यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथालये धुंडाळून १८०० पासून १९५० पर्यंतची मराठी ग्रंथसूची सिद्ध केली. तिच्यात पुस्तक कोणत्या स्थितीत आहे याला महत्त्व नव्हते. ते होते, अमुक साली अमुक ठिकाणी छापले गेले, याची नोंद होती. ‘इंद्रजाल’ त्यानंतर चौदा वर्षांनी आले. १९५४ चा ग्रंथ वितरण अधिनियम आणि १९५६ ची त्यातील दुरुस्ती यांनुसार प्रकाशकांनी पुस्तकांच्या व नियतकालिकांच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या ठिकाणी द्यायच्या होत्या. तेथील मराठी चित्रकथा, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांतील बालसाहित्य आणि खासगी ट्रंकांतील अंक यांची एकत्र सूची करणे हे काही लाखांचे आणि दोन-तीन वर्षांचे काम असावे. अंकाचे वर्ष, क्रमांक, अनुवादक, चित्रकार, छापखाना, किंमत आणि पुढचे-मागचे मुखपृष्ठ यांची छायाचित्रासह नोंद झाली, तर खरेदीदाराला तोतया अंक ओळखता येईल आणि विकणाऱ्याला फ्लोरिडाला जावे लागणार नाही. विद्यापीठांचे मराठी विभाग, साहित्य संस्था किंवा मेळावे भरवणारे आयोजक यांपैकी कोणीही ते हाती घेऊ शकेल. मेळाव्यात प्रतवारीच्या कक्षाशेजारी अशा नोंदणीचे एक टेबल मांडले, तर रांग तेथेही लागेल.

तोवर ज्यांच्या गावच्या घरी अंक आहेत, त्यांनी निदान चिकटपट्टी लावू नये, गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत आणि ट्रंक जमिनीवर ठेवू नये. इस्त्रीचा मोह तर मुळीच धरू नये. ओल पकडलेला जुना कागद घरगुती इस्त्रीखाली ठिसूळ होतो, हे जाणकार बांधणीवाले सांगतात. कोरड्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, अंक सावलीत पसरून त्यांची वही करावी आणि प्रत्येक मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम होत नाही.