सुई टोचते ती सफाई कामगाराला!

वस्तीत कुणी चाळिशीतच पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेला की मयतीला जमलेले लोक म्हणतात, दारूने खाल्ला. पुष्कळदा ते खरेही असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्यांची वकिली आम्ही करणार नाही. परंतु दारूला कधीही न शिवलेला माणूसदेखील यकृत निकामी होऊन मरतो. तेव्हा समाजाने विचारले पाहिजे की, तो काम काय करत होता?

रुग्णालयातला कचरा उचलणारे हात कोणत्या जातींचे असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या कचऱ्यात वापरलेल्या सुया असतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून पसरतो आणि सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. अशी सुई टोचली तर लस न घेतलेल्याला एचआयव्हीपेक्षा कित्येक पटीने जास्त धोका या विषाणूचा असतो. बहुतेक प्रौढांचे शरीर त्याला हुसकावून लावते. काहींच्या यकृतात मात्र तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो आणि तपासणीशिवाय कळत नाही. कळते तेव्हा पोटात पाणी झालेले असते, रक्ताची उलटी होते, काळी शौच होते, माणूस बरळू लागतो. यकृत तसे चिवट. काही भाग गेला तरी पुन्हा वाढते. पण व्रण साचून ते कडक झाले आणि काम करेनासे झाले की प्रत्यारोपणावाचून इलाज राहत नाही. त्याचा लाखोंचा खर्च कंत्राटी सफाई कामगाराने कुठून आणायचा?

आणि हे सारे एका लसीने टळते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नाही. भेद करतात ती माणसे! डॉक्टरला लस आणि झाडूवाल्याला फाटके हातमोजे, हा चातुर्वर्ण्याचाच नवा अवतार नव्हे काय?

दोष आपल्या पदरीही आहे. कावीळ झाली की अजून गळ्यात माळ घातली जाते. देठ सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबते आणि कावीळ उतरली असे समजतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, श्रेय मात्र बुवाला जाते. (तीच कावीळ हिपॅटायटिस ईची असेल तर गर्भवतीच्या जिवावर बेतते, हे बुवाला ठाऊक नसते.) बुद्धिवादी धम्म स्वीकारलेल्या घरात माळ शोभत नाही.

२८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बाळंतपणात आईकडून बाळाला बीची लागण झाली तर ती बहुतेक जन्मभर राहते. म्हणून बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस टोचून घ्यावी. आणि एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने हा रोग पसरत नाही. विटाळाची झळ सोसलेल्यांनी रुग्णाचे भांडे वेगळे करू नये.

आता कामगार संघटनांनी आणि शाखांच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील रुग्णालयात जाऊन लसीकरणाची नोंदवही मागावी. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, या तिन्हींच्या तारखा प्रत्येक सफाई कामगाराच्या नावापुढे आहेत का ते पाहावे. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, अपघाताची लेखी नोंद करून घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. लस न घेतलेल्याला द्यावयाचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांच्या आत द्यावे लागते. मुकादम ‘उद्या बघू’ म्हणाला तर ऐकू नये.