पाण्याकाठची जागा

एखादी थोर इमारत आगीने वा स्फोटाने उद्ध्वस्त झाली म्हणजे तिच्या जागी पुढे काय उभारावे, हा प्रश्न जागेचा मालक व त्याचा स्थपती यांनीच सोडवावयाचा, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते तो शेजाऱ्यांचा, वाटसरूंचा आणि पुढील पिढीचाही प्रश्न आहे. मुंबईतील दोन हॉटेलांच्या हकिकतीवरून ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले हॉटेल म्हणजे अपोलो बंदरावरील ताजमहाल. जमशेटजी टाटांनी उभारलेली ही वास्तू १९०३ साली उघडण्यात आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी तीत शिरून हत्याकांड केले व आगी लावल्या. तेथे ३१ जण प्राणास मुकले. घुमटाखालून निघालेल्या ज्वाळा साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. तथापि दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १५ ऑगस्ट २०१० रोजी, जळालेला भाग दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. आणि मृतांची नावे कोरलेले स्मारक आतच उभे राहिले.

दुसरे हॉटेल वांद्र्याच्या टोकास, पोर्तुगीजांनी १६४० साली बांधलेल्या किल्ल्यानजीक, अगदी लाटांच्या तोंडावर होते. त्याचे नाव सी रॉक. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जी बाँबस्फोटांची मालिका घडली व जीत २५७ माणसे मेली, तीतील एक स्फोट येथे झाला. त्यानंतर हे हॉटेल पूर्वस्थितीस कधीच आले नाही. ते बंद पडले व पुढे पाडण्यात आले. ताज चालविणाऱ्या कंपनीनेच ही जागा घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे नव्या इमारतीचे भूमिपूजन झाले. ३३० खोल्यांचे हॉटेल व त्यासोबत ८५ सदनिका अशी ती योजना आहे. खर्चाचा अंदाज २५०० कोटी रुपयांचा आहे.

बत्तीस वर्षे एवढी मोलाची जागा उपयोगावाचून पडून राहावी, हे कोणासही रुचणार नाही. नव्या इमारतीमुळे शेकडो हातांना काम मिळेल, हेही आम्ही जाणतो. तेव्हा बांधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु हॉटेल व घर यांत एक भेद आहे. हॉटेल कितीही महाग असो, त्याचे दार परक्या माणसासाठीच असते. घराचे दार घरच्यांसाठी असते. समुद्रकाठी सदनिका उभ्या राहिल्या म्हणजे हळूहळू कुंपण येते, पहारेकरी येतो, आणि ज्या खडकांवर काल कोळ्याचे पोर गळ टाकून बसत असे, तेथे उद्या त्याला हटकले जाते. म्हणून दोन गोष्टी आम्हांस अगत्याच्या वाटतात : किनाऱ्याची वाट सर्वांस मोकळी राहावी, आणि १२ मार्चची आठवण सांगणारा एक तरी दगड तेथे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल असा, बसवावा. अपोलो बंदरावर जे घडले, ते वांद्र्यास अशक्य नाही.

कायद्याने या कामी काही मर्यादा घातल्या आहेत. १९९१ साली केंद्र सरकारने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध घातले. २०१९ च्या नियमांनी शहरांपुरते ते बरेच सैल केले. कायदा सैल झाला म्हणजे नागरिकांची जबाबदारी वाढते.

येरवड्यास समुद्र नाही, हे खरे. पण मुळामुठा आहे, आणि तिलाही अशाच रेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीकाठची घरे विकताना देखाव्याचे वर्णन पुष्कळ होते, रेषेचे क्वचितच. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याहून पाणी सुटले तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील कुटुंबांना कंबरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडावे लागले. पालकांस आमची नम्र सूचना आहे की, घर घेताना खिडकीतून काय दिसते हे विचारण्यापूर्वी ही रेषा कोठून जाते हे विचारावे.

खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोन मनुष्यांचा दृष्टान्त आमचे विद्यार्थी लहानपणापासून ऐकतात. सी रॉक हे नावानेही खडक होते आणि पायानेही. तरी माणसाच्या द्वेषापुढे ते टिकले नाही. प्रभूच्या मनातील खडक म्हणजे दगड नव्हे. ऐकलेले वचन आचरणात आणणे, हा तो खडक होय. आमच्या वर्गांत आज बसणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी नगरपालिकेत अधिकारी. नकाशावर सही करताना शेजाऱ्याची वाट व पाण्याची वाट या दोहोंची त्यांस आठवण झाली, तर आमच्या शिकवण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.