दीर्घ श्वास घ्या, मुलांना घरी ठेवून या

निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ होती : 'कृपया मुलांना सोबत आणू नये.' वर ठळक अक्षरांत विषय : विशेष मुलांच्या पालकांसाठी तणावमुक्ती कार्यशाळा. सकाळी दहा ते एक, चहा-नाश्त्याची सोय. ज्या आईला तीन तास मूल कुणाकडे तरी ठेवून घराबाहेर पडता येतं, तिला या कार्यशाळेची फारशी गरज नाही. जिला गरज आहे ती येऊच शकत नाही. आयोजकांना हे कळत नाही याचं नवल वाटायचे माझे दिवस संपले.

मी गेले. जाता आलं, कारण दादाजवळ आई होती. दादा माझा थोरला भाऊ, चाळिशी ओलांडलेला. प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता, शिवाय अधूनमधून फिट. आई सत्तरीची, कमरेला पट्टा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे जिचा ताण घालवायचा ती डोंबिवलीच्या घरात दादाला सांभाळत बसली, आणि तिच्या वाटणीचे दीर्घ श्वास मी घेऊन आले.

मार्गदर्शक मॅडम छान होत्या. त्यांनी डोळे मिटायला लावले आणि समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणायला सांगितला. माझ्या शेजारच्या बाई डोळे मिटल्या मिटल्या घोरायला लागल्या. अख्ख्या सकाळी खरा उपचार घेतला तो त्या एकट्या बाईंनी. मग वही काढून आज कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहायचं झालं. मग 'स्वतःसाठी वेळ काढा' झालं. कुठून काढायचा, असं मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "इच्छा असेल तर मार्ग सापडतो." शेवटी सगळ्यांना एकेक रोपटं दिलं. घरी आणखी एक जीव, पाणी घालायला.

या सगळ्या प्रकारामागे एक समजूत आहे आणि तिच्यावर माझा राग आहे. समजूत अशी, की ताण या बायकांच्या मनात असतो आणि मन शांत केलं की तो जातो. आमच्या घरातला ताण घड्याळात आहे. दादा पहाटे उठतो. दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी कडी आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली आईच्या कनवटीला असते, कारण एकदा तो अंगावरच्या बनियनवर स्टेशनपर्यंत गेला होता. त्याला लोकलच्या अनाउन्समेंट आवडतात. उठल्यापासून झोपेपर्यंत घरात कुणीतरी जागं आणि सावध असावं लागतं. रात्री फिट येते, म्हणून झोपेतही एक कान उघडा. गेल्या कित्येक वर्षांत नात्यातल्या एकाही लग्नाला आम्ही सगळे एकत्र गेलेलो नाही, आळीपाळीने जेवून आलो. अनुलोम-विलोमाने यातलं एक मिनिटही कमी होत नाही.

कमी कशाने होतो, ते सांगते. दादाची दाढी आई करायची. सत्तरीची बाई, चाळिशीचा धिप्पाड पुरुष, हातात ब्लेड, आणि तो मधेच तिचं मनगट पकडायचा. रोजची लढाई, दोघांच्याही हनुवटीला घाम. मग एक विशेष शिक्षिका भेटल्या. त्यांनी ब्लेड काढून घेतलं, ट्रिमर आणायला लावला आणि दाढीचे बारीक बारीक तुकडे पाडले : ट्रिमर धरणं, बटण दाबणं, उजवा गाल, डावा गाल, वरचा ओठ, हनुवटी, बंद करणं, केस झटकणं. सुरुवात शेवटून केली. सगळी दाढी आईने करायची, फक्त बंद करायचं बटण दादाने दाबायचं, केस झटकायचे आणि शाबासकी घ्यायची. ते जमल्यावर हनुवटी त्याची. मग ओठ. आरशाशेजारी चित्रांची पट्टी चिकटवली. बरेच महिने लागले, मधे दोनदा सगळं मुसळ केरात गेलं. आज तो दाढी स्वतः करतो. डाव्या कानाखाली एक झुपका रोज राहतो आणि तो राहू द्यायचा असं ठरलेलं आहे. आईचा सकाळचा अर्धा तास मोकळा झाला, आणि दिवस भांडणाने सुरू होणं थांबलं. याला मी तणावमुक्ती म्हणते.

हे ज्ञान काही गुपित नाही. सिकंदराबादची बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून याच कामासाठी आहे. चांगल्या विशेष शाळांतल्या शिक्षिकांना हे तोंडपाठ असतं. पण शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर मोठ्यांना काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर मूल घरी, आणि शिकवणाऱ्या बाईंचा आणि आईचा संबंध तुटला. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस अठरानंतर आणखी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो, हे धोरण आखणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत असे पंधरा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यातल्या बहुतेकांमागे एक बाई उभी आहे, आणि ती कुठल्याही रकान्यात नाही.

कायद्यात मात्र ती आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, याने काळजीवाहकाची व्याख्या केली. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याचाही उल्लेख चोविसाव्या कलमात आहे. फक्त त्या कलमाच्या सुरुवातीलाच एक फट ठेवली आहे : सरकारने हे सगळं आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत करायचं. कुवतीची मर्यादा फार लवचीक असते. पुतळ्यापाशी ती ताणली जाते आणि आमच्यापाशी आली की आखडते. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरले आहेत. सहाशे रुपयांत आजकाल काय येतं ते विचारू नका, आणि तेही महिनोन्‌महिने थकतात अशी तिथल्या लोकांची ओरड असते. पण निदान त्या बाईचं काम हे काम आहे, एवढं त्या सरकारने कागदावर कबूल केलं.

आपल्याकडचा हिशेब बघा. त्याच चोविसाव्या कलमात लिहिलंय की दिव्यांगांना मिळणारी मदत, तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. संजय गांधी निराधार योजनेत आपण कित्येक वर्षं सगळ्यांना एकच रक्कम देत बसलो. आंदोलनं झाली, उपोषणं झाली, तेव्हा कुठे २०२५ मध्ये दिव्यांगांचे दीड हजारांचे अडीच हजार झाले. ते मिळवायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं. महिन्याला चार हजारांच्या आसपास! 'लाडकी बहीण' योजनेला अडीच लाखांची मर्यादा आहे. बहिणींना मिळू देत, मी त्यांच्या ताटातलं ओढायला आलेले नाही. पण ज्या बहिणीच्या घरात आयुष्यभर आधार लागणारा माणूस आहे, तिच्या घराला पाचपट गरीब असण्याची अट कशासाठी, हे कुणीतरी समजावून सांगावं. मध्यमवर्गाची कथा वेगळी नाही. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी आयकराच्या ८०-डीडी कलमाखाली पाऊण लाखाची, तीव्र अक्षमतेला सव्वा लाखाची वजावट मिळायची. नव्या करप्रणालीत ती नाही. करप्रणाली सुटसुटीत झाली म्हणतात. खरंय, त्यातून आम्ही सुटलो.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर मानसोपचारवाले अंगावर येतील. काळजी घेणाऱ्या आयांना नैराश्य येतं, त्याला डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात आणि त्या घ्याव्यात. पालकांचे गटही हवेत. माझी आई आयुष्यात मोकळी हसली असेल तर शाळेच्या फाटकाबाहेर, सुटायची वाट बघत बसलेल्या इतर आयांच्या घोळक्यात. तिथे कुणी मार्गदर्शक नव्हत्या. कुणाच्या मुलाने पाहुण्यांसमोर काय केलं, कोण कुठल्या बाबाकडे जाऊन फसलं, सगळं मोकळेपणी. तो कट्टा पोरं अठराची झाली तशी मोडला.

आणि मग नातेवाईक. ते तर तणावनिर्मितीचे गृहउद्योगच. कुणी म्हणतं मागच्या जन्माचं, कुणी म्हणतं देवाचं लेकरू आहे, देव त्यालाच देतो ज्याला झेपतं. देवाला विचारायची सोय नाही म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवावं? माझं लग्न ठरताना दादाला आतल्या खोलीत ठेवा, असं सुचवणाऱ्या आत्याबाई पुढे महिला दिनाला आईचा सत्कार झाला तेव्हा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या. 'आदर्श माता.' शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात सोशिकतेची मूर्ती वगैरे होतं. आईला अर्ध्या कार्यक्रमातून उठावं लागलं, लाउडस्पीकरने दादा बिथरला होता. सत्कार करणाऱ्यांपैकी एकानेही 'तुम्ही बसा, मी त्याला बाहेर फिरवून आणतो' म्हटलं नाही. बाईला मूर्ती केलं की तिला दुपारची झोप लागते, तिचे गुडघे दुखतात, तिलाही कधी मुलाचा मनापासून संताप येतो, हे कुणाला ऐकावं लागत नाही.

पण आईचा खरा ताण यातला नाहीच. तिला रात्री जागं ठेवते ती गोष्ट : माझ्या माघारी याचं काय?

मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान, आई-बापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. बरेच जण बँक अडवते तेव्हा जागे होतात. ठीक आहे, कागद होईल, सही माझी असेल. सगळे गृहीतच धरून असतात, 'तू आहेसच ना.' मी आहे. माझी नोकरी आहे, सासू आहे, मीही म्हातारी होणार आहे. बहिणीच्या प्रेमावर राज्याची व्यवस्था उभी करायची असेल तर तसा जीआर तरी काढा.

मग निवासी संस्थेत का ठेवत नाही, असं विचारणारे भेटतात. कारण आम्ही पेपर वाचतो. २०११ मध्ये कळंबोलीच्या बालगृहातलं प्रकरण बाहेर आलं, बोलता न येणाऱ्या मुलींवर तिथे काय काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्राने वाचलं. त्याआधी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली. कारण काय, तर मासिक पाळीच्या वेळी त्यांची स्वच्छता सांभाळणं अवघड जातं. पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. काळजी घेणाऱ्यांचा भार हलका करायचा हा शासकीय मार्ग होता. आणखी दोन बाया नेमण्यापेक्षा अवयव काढणं सोपं वाटलं.

चांगल्या संस्था आहेत. त्या उभ्या कुणी केल्या, तेही बघा. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली वकील दांपत्याने काढली, स्वतःच्या मुलीला घेईल अशी शाळा मिळेना म्हणून. बदलापूरचं 'आधार' पालकांनीच एकत्र येऊन उभारलं. ऐंशी वर्षांत पद्धत तीच : मूल सांभाळा, नोकरी सांभाळा, आणि उरलेल्या वेळात संस्था काढा. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग २०२२ मध्ये आपण स्थापन केला. अभिनंदन. केंद्राची 'समर्थ' योजना कुटुंबाला विसावा मिळावा म्हणूनच आहे. ती तुमच्या तालुक्यात कुठे चालते ते मला शोधून दाखवा, चहा मी पाजते.

पैसा नाही, असं म्हणू नका. प्रत्येक महापालिकेने, नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. तो मार्च महिन्यात कसा संपतो ते सगळ्यांना माहीत आहे. मंडप, खुर्च्या, फ्लेक्स, साहित्यवाटप, आणि हो, तणावमुक्ती कार्यशाळा. त्याच शहरात समाजमंदिरं दुपारभर कुलपात असतात. त्यातलं एक उघडा. एक विशेष शिक्षक, दोन मदतनीस, फिट आली तर काय करायचं याचं त्यांना प्रशिक्षण, बाहेरूनही उघडेल अशी कडी असलेलं संडास-बाथरूम, बाहेरच्या फाटकाला माणूस. आठवड्यातले पाच दिवस, दोन ते सहा. चाळिशीच्या दादालाही तिथे घ्यायचं, वयाची अट नको. मदतनिसांना पगार वेळेवर द्या, नाहीतर दिवाळीपर्यंत त्या टिकणार नाहीत.

त्या चार तासांत आया काय करतात, हे मात्र विचारायचं नाही. त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत व्याख्यान ठेवायचं नाही, शिवणवर्ग काढायचा नाही, बचत गट तर नाहीच. कुणी झोपेल, कुणी दाताच्या डॉक्टरकडे जाईल, कुणी भिशीला जाऊन तीन पत्ती खेळेल. आणि प्रवेशाचा अर्ज एका पानाचा ठेवा. उत्पन्नाचा दाखला मागू नका. तो काढायला सेतू केंद्रात जायचं तर दादाला कुणाकडे ठेवायचं?